विचाराधीन भाऊसाहेब

ज्याच्या मेजावर दुसऱ्यांची शेकडो प्रकरणे येतात आणि यथाकाल निकालीही निघतात, परंतु स्वतःच्या घरचे एकही प्रकरण ज्याला आयुष्यभर निकाली काढता येत नाही, असा एक गृहस्थ महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात असतो. शहापूर तालुक्याच्या वाट्याला आलेला नमुना डोळखांबास राहतो. सारे गाव त्यांना भाऊसाहेब म्हणते. ते कोणत्या कचेरीत वरिष्ठ लिपिक आहेत हे सांगण्याचे प्रयोजन नाही. बारनिशीपासून साहेबांच्या सहीपर्यंत कागदाने कोणत्या गतीने जावे हे त्या कचेरीत साहेब ठरवीत नाहीत, भाऊसाहेब ठरवतात, एवढे पुरे.

या भाऊसाहेबांपुढे गेली कित्येक वर्षे एकच प्रश्न विचाराधीन आहे. आपली आरोग्यविम्याची पॉलिसी आहे त्या कंपनीत ठेवावी, की दुसरीकडे न्यावी?

सरकारी नोकराला विमा हवाच कशाला, असे कोणी विचारील, तर त्याने भाऊसाहेबांसमोर विचारू नये. कारण मग १९६१ च्या वैद्यकीय देखभाल नियमांपासून आरंभ होतो आणि १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयातील २७ आकस्मिक व ५ गंभीर आजारांपर्यंत येईतो शहापूरची शेवटची एसटी निघून गेलेली असते. खाजगी रुग्णालयाचे देयक आधी स्वतःच्या खिशातून भागवावे, त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची मोहोर उमटवून घ्यावी, प्रस्ताव सादर करावा, त्रुटींची पूर्तता करावी आणि मग अनुदान येण्याची वाट पाहावी, हा प्रतिपूर्तीचा मार्ग भाऊसाहेबांना जितका पाठ आहे तितका क्वचितच कोणाला असेल, आणि म्हणूनच, दुसऱ्यांच्या अशा प्रस्तावांवर ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’ हा शेरा स्वहस्ते लिहिण्यात हयात घालवलेल्या या मनुष्याने, स्वतःसाठी मात्र गुपचूप मेडिक्लेम घेऊन ठेवला. शिवाय अठ्ठावन्नावे वर्ष पुरे झाले की प्रतिपूर्तीही संपते. तो दिवस आता फार दूर नाही.

पॉलिसी बदलण्याची कल्पना मूळची त्यांच्या मुरबाडच्या मेहुण्याची. “दाजी, पोर्ट करून टाका,” एवढेच तो म्हणाला. हा मेहुणा विम्याचा एजंट आहे. भाऊसाहेबांनी त्याला तिथल्या तिथे हितसंबंधित इसम ठरवून निर्णयप्रक्रियेतून बाद केले, कल्पना मात्र दाखल करून घेतली आणि रीतसर नस्ती उघडली. तीन कंपन्यांची दरपत्रके मागवली, तुलनात्मक तक्ता आखला आणि वहिनींना सदस्य नेमून, स्वतःकडे अध्यक्षपद व सदस्य-सचिवपद ही दोन्ही ठेवून, घरच्या घरी एक समिती स्थापन केली. तक्त्यात खोलीभाड्याची मर्यादा आहे, मोतीबिंदूची मर्यादा आहे, देयकातला किती टक्के वाटा आपण सोसायचा हे आहे. मोतीबिंदू अद्याप कोणाला नाही.

त्यांची खरी अडचण निराळीच आहे. १ ऑक्टोबर २०११ पासून या देशात आरोग्यविमा एका कंपनीतून दुसरीत नेता येतो, आणि पहिल्या कंपनीत काढलेला प्रतीक्षाकाल दुसरीत धरला जातो. भाऊसाहेबांना ही गोष्ट मुळात खरीच वाटत नाही. आंतरजिल्हा बदली मागून गेलेले सहकारी नव्या जिल्ह्यात ज्येष्ठतायादीच्या तळाशी जाऊन बसलेले त्यांनी पाहिले आहेत. “सेवाज्येष्ठता शाबूत ठेवून बदली? ती कोणाला मिळाली आहे आजवर?” हा त्यांचा बिनतोड सवाल. शेवटी बारीक अक्षरांतल्या अटी वाचता वाचता त्यांना हवे होते ते सापडलेच: जुन्या विमा रकमेपुरतीच ज्येष्ठता मिळते, वाढीव रकमेला प्रतीक्षाकाल नव्याने सुरू होतो, आणि नव्या कंपनीला प्रस्ताव नाकारण्याची मुभा आहे. भाऊसाहेबांना साखर आहे आणि त्यांनी ती जुन्या अर्जात प्रामाणिकपणे नमूद केली होती, याचा त्यांना आता अभिमान वाटावा की पश्चात्ताप, हा नस्तीतला एक स्वतंत्र मुद्दा आहे.

मग टिप्पणी लिहिली जाते. भाऊसाहेबांची टिप्पणी म्हणजे गद्याचा अस्सल नमुना: ‘प्रस्तुत प्रकरणी’ने उठणारी, ‘उपरोक्त वस्तुस्थिती विचारात घेता’वर विसावणारी आणि ‘सबब, निर्णयार्थ सादर’ येथे हात जोडून थांबणारी. ती सादर व्हावयाची कोणाला? अध्यक्षांना. अध्यक्ष दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून ती वाचतात आणि समासात लिहितात, ‘चर्चा करावी.’ वहिनींनी एकदा विचारले, “अहो, दोन्ही सह्या तुमच्याच, मग चर्चा कोणाशी करायची?” हा आक्षेप इतिवृत्तात नोंदवण्यात आला.

आणि दुर्दैव असे की कालानेही वेळोवेळी त्यांचीच बाजू घेतली. २०२४ साली नियामकाने आधीपासून असलेल्या आजारांचा कमाल प्रतीक्षाकाल ४८ महिन्यांवरून ३६ वर आणला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. “घाई केली असती तर?” असे भाऊसाहेब तेव्हापासून प्रत्येकाला विचारतात. ज्याच्या दीर्घसूत्रतेला सरकारच बक्षीस देते, त्याला उद्योगाचा उपदेश कोणी करावा!

मला भाऊसाहेब मूर्ख वाटत नाहीत. त्यांनी तक्त्यात मांडलेला प्रत्येक प्रश्न रास्त आहे, आणि मेहुण्याच्या शब्दावर सही ठोकणाऱ्या पुष्कळ शहाण्यांपेक्षा ते अधिक वाचतात. माझी तक्रार त्या तक्त्यात नसलेल्या रकान्याविषयी आहे. तिन्ही कंपन्यांच्या कॅशलेस यादीतली त्यांनी खुणा केलेली रुग्णालये आहेत कल्याण-ठाण्याची. तानसा, भातसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला पाठवणारा हा तालुका आपले अत्यवस्थ रुग्णही त्याच दिशेला पाठवतो. फरक इतकाच की पाण्याला जलवाहिनी आहे. आषाढातल्या रात्री डोळखांबात कोणाच्या छातीत कळ आली, तर पहिली धाव गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, दुसरी १०८ च्या गाडीने शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे, आणि त्या दोन धावांत पॉलिसी या कंपनीची आहे की त्या, याला कवडीची किंमत नाही. केंद्रात डॉक्टर मुक्कामी आहेत का, गाडी किती वेळात येते, ही चौकशी भाऊसाहेबांनी कधी केलेली नाही. ती त्यांच्या विषयसूचीत येत नाही.

पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यावयाची, तर नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ४५ दिवस अर्ज जावा लागतो, आणि ६० दिवसांपूर्वी केलेला चालत नाही. म्हणजे वर्षातून अवघा एक पंधरवडा मोकळा. भाऊसाहेबांची मुदत मार्गशीर्षात भरते. मागे मोजत गेले की तो पंधरवडा ऐन दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि सणासुदीत त्यांनी महत्त्वाचे प्रकरण आजवर हाताळलेले नाही. यंदाही हप्ता बँकेतून जुन्याच कंपनीकडे परस्पर वळता झाला. नस्तीवर ‘पुढील वर्षी सादर करावी’ असा शेरा पडला आहे. वाचकांपैकी कोणाची मुदत जवळ आली असेल, तर त्यांनी आपला पंधरवडा आजच मोजून ठेवावा, आणि सल्ल्यासाठी डोळखांबास मात्र जाऊ नये. भाऊसाहेब नकार देणार नाहीत. ते चर्चा करतील.