चिपाडाची बाजू

मराठी माणसाला कुणाला हिणवायचं असलं की तो थेट खळ्यावर जातो. वाळलेला माणूस म्हणजे चिपाड, पोकळ भाषण म्हणजे फोलपट, आणि डोक्यात काही नसलं तरी भुसा असतोच. कोंड्याचा मांडा करणाऱ्या बाईचं पिढ्यान्‌पिढ्या कौतुक झालं. कोंड्याचं कुणी केलं नाही. आहारशास्त्रानेही त्याला बरीच वर्षं असंच वागवलं: पचत नाही, म्हणजे उपयोगाचा नाही. माझं म्हणणं उलट आहे. तंतुमय पदार्थांची थोरवी त्यांच्या या नाठाळपणातच आहे. ते स्वतः फारसं काही करत नाहीत, फक्त साखरेला घाई करू देत नाहीत. (आतड्यातले जीवाणू त्यातल्या काहींवर गुजराण करतात, पण तो वेगळा संसार.)

रसवंतीत जरा उभं राहून बघा. एकच ऊस चरकातून तीन-चारदा जातो, शेवटी तर दुमडून, पोटात आलं-लिंबू घेऊन. घुंगरं वाजत राहतात आणि चिपाड पलीकडच्या ढिगात जाऊन पडतं. ग्लास दोन मिनिटांत रिकामा. तेवढाच ऊस दातांनी सोलून खायचा म्हटलं, तर दोन-चार पेरांतच जबडा संपावर जातो. गंमत म्हणजे चिपाड आपण गिळतही नाही, थुंकून टाकतो. पोटात न जाताच ते खोळंबा करून मोकळं होतं. 1977 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी हाच प्रयोग सफरचंदांवर केला. दहा निरोगी माणसांना सारख्याच कर्बोदकांचं सफरचंद एकदा अख्खं, एकदा लगदा करून आणि एकदा रस काढून दिलं. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगाने संपला. रक्तातली साखर तिन्ही वेळा सारखीच चढली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण रसानंतर इन्शुलिन जास्त उसळलं, मग साखर धाडकन खाली आली, आणि पोट भरल्यासारखंही कमी वाटलं. ज्यांनी पुढे 1981 साली ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली, त्या डेव्हिड जेनकिन्स यांनी त्याआधी निरनिराळे तंतू ग्लुकोजबरोबर देऊन पाहिले होते. पहिला नंबर आला गवारीच्या बियांतल्या डिंकाचा, कारण तो सगळ्यांत चिकट. त्याचा चिकटपणा मोडला, तर गुणही गेला. गवारीची भाजी पाहून नाक मुरडणाऱ्यांनी निदान तिच्या बियांपुढे तरी हात जोडावेत.

यावर प्रत्येक मराठी घर एक आजोबा पुढे करतं. आजोबांनी जन्मभर पांढराशुभ्र भात खाल्ला आणि नव्वदी गाठली! आजोबांना नमस्कार, पण ज्यांना तो भात बाधला, ते आजोबा वाद घालायला उरलेले नसतात. शिवाय हे आजोबा चार मैल चालूनही येत. नेमका हाच आक्षेप डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकावरही घेतला गेला. त्यांनी युगांडात बरीच वर्षं काढली, आफ्रिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या माणसांच्या शौचाची वजनं ताडून पाहिली, आणि पाश्चात्त्यांच्या अनेक दुखण्यांचं खापर चोथा नसलेल्या जेवणावर फोडलं. आफ्रिकेतल्या खेड्यात मोटारही नव्हती, हे टीकाकारांचं म्हणणं रास्तच. पण 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये 185 निरीक्षण-अभ्यास आणि 58 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा भरपूर तंतू खाणाऱ्यांत मृत्यू, हृदयविकार आणि मधुमेह 15 ते 30 टक्क्यांनी कमी दिसले, सर्वाधिक लाभ दिवसाला 25 ते 29 ग्रॅमला. म्हणजे बर्किट अगदीच वाऱ्यावर बोलत नव्हते. म्हणून गोळी बंद करायचा परवाना मात्र चिपाडाला कुणी दिलेला नाही.

उरला शेवटचा युक्तिवाद: तंतू हवेत ना, मग विकत घेऊ! त्यातून ‘हाय फायबर’ बिस्किटं निघाली. मैदा आणि साखर तीच, वर चिमूटभर कोंडा, म्हणजे चोरांच्या पगारावर ठेवलेला रखवालदार. इसबगोल त्यामानाने सरळ. फारसीत त्याचा अर्थ घोड्याचा कान, आणि पीक येतं आपल्या शेजारच्या गुजरातेत. पण तो भरपूर पाण्याबरोबर घ्यावा लागतो, नाहीतर घशातच फुगतो; उशीर करायला नेमलेल्याने रस्ताच बंद केला तर कसं चालेल? इकडे हे सगळं चालू असताना, चाळणीत उरलेला गव्हाचा कोंडा गाईच्या घमेल्यात गेलेला असतो. ती तो खाते, बसते, रवंथ करते. तिला कुठे जायची घाई नसते.