तिसऱ्या सिलिंडरखालच्या नटास खुले पत्र

मा. नट महाशय,
मुक्काम पोस्ट हेडर, तिसऱ्या सिलिंडरखाली.

स. न. वि. वि.

आपला पत्ता लागायला इतका उशीर झाला, याचा राग नसावा. आपण दिसायलाच इतके सालस, की आपल्यावर संशय घ्यायचं कुणाला सुचलं नाही. तेरा नंबरच्या पान्यात बसणारे, किलोवर तोलून मिळणारे, अंगावर गंजाची मोजकी नक्षी. अशा गरीब घरच्या जिवाने एका अख्ख्या इंजिनाची अब्रू वेशीवर टांगली, हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.

वाचकांसाठी थोडं गाडीबद्दल सांगतो, कारण आपल्या कर्तबगारीपुढे तिचं नाव मागे पडलंय. गाडी सॅन स्टॉर्म. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बनू लागलेली, दोनच माणसांची, डोक्यावरचं छप्पर उघडणारी. बॉडी फायबरची, आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद ६० हॉर्सपॉवर. आजची साधी हॅचबॅकही याहून दांडगी असते, पण छप्पर उघडून पानशेतच्या रस्त्याला लागलं की हा हिशेब कोण करतो? आधीच्या मालकांनी मात्र तो केला. त्यांना साठ घोडे अपुरे वाटले. म्हणून त्यांनी मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून हेडर चढवला, मागे फ्री-फ्लो सायलेन्सर लावला, एअर फिल्टरचा डबा फेकून कोन फिल्टर बसवला. घोडे किती वाढले, देव जाणे. आवाज वाढला, हे सोसायटीने लेखी कळवलं आहे.

(मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल अशा हौशीकडे कोणत्या नजरेने पाहतात, ते आरटीओत चौकशी केली की कळतं. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण पाहिले असतीलच. ते आपले लांबचे भाऊबंद.)

तर आपली कला. सकाळी सेल मारला की बोनेटखालून टिकटिक सुरू. रेस केली की लय वाढणार, सोडली की उतरणार. फायबरच्या बॉडीत तर हा आवाज कुठूनही यायचा: कधी डॅशबोर्डमागून, कधी पायाशी, कधी शेजारच्या रिकाम्या सीटवरून. आणि गाडी जरा तापली, रस्त्याला लागली, गॅरेजच्या दारात पोचली, की आपण एकदम मौनात. डॉक्टरपुढे बसलं की पोटदुखी पळते, तसं. मिस्त्री बोनेटवर कान ठेवणार, माझ्याकडे पाहणार आणि न बोलता चहा मागवणार. एकदा मुद्दाम गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवली. सकाळी मिस्त्री यायच्या आत तिथल्या पोऱ्याने ती झाडलोटीसाठी बाहेर काढली, उन्हात चालू ठेवली, पुन्हा आत लावली. अकरा वाजता मिस्त्रींनी सेल मारला. आपण गप्पच!

पण गप्प बसून आपण जे घडवलंत, त्याची दाद द्यायला हवी. एकाने टॅपेट सेट केले. दुसऱ्याने टायमिंग बेल्टचा टेन्शनर बदलला, जुना पाहायला मागितला तर तो "टाकून दिला". तिसऱ्याने ऑइल बदलून जाड ऑइल भरलं आणि आवाज "बराच कमी" झाल्याचं स्वतःच जाहीर केलं. चौथे अनुभवी. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "बिग एंड बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवावं लागेल." त्याच्या खर्चाचा आकडा ऐकल्यावर माझाच आवाज बंद झाला. या सगळ्या काळात आपण जागेवरून हललाही नाहीत. म्हणजे हलत होतात, तीच तर तक्रार आहे. पण पळालात कुठेच नाही.

शेवटी एका जुन्या, निवृत्तीच्या वयाच्या मिस्त्रींनी वेगळंच सांगितलं: "गाडी आणू नका. मीच येतो, सकाळी सहाला. कुणी चावी फिरवायची नाही." ते आले तेव्हा हातात पान्यांची पेटीसुद्धा नव्हती. एक वीतभर रबरी नळी होती, तीही बागेतली कापलेली.

आधी त्यांनी फोनवर टिकटिक टिपायला लावली आणि संथ करून ऐकवली. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतं. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चालू असेल, तर एकाच सिलिंडरशी बांधलेला ठोका मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला जेमतेम सातदा पडणार. आपण अगदी त्याच तालात होतात. मग त्यांनी अल्टरनेटरचा बेल्ट उतरवून इंजिन मिनिटभर चालवलं. टिकटिक कायम, म्हणजे अल्टरनेटर निर्दोष सुटला. मग एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिली, दुसरी काढली तरी आपण सुरूच. तिसरी काढली आणि आपण अडखळलात.

इथे कुणीही "बघा, बिग एंड!" म्हणून टाळी वाजवली असती. मिस्त्री म्हणाले, "बेअरिंग झिजलं असतं तर इंजिन तापल्यावर ऑइल पातळ होऊन ठोका वाढला असता. हा कमी होतो. हा लोखंडाचा नाही, वाऱ्याचा आवाज आहे." नळीचं एक टोक कानाला, दुसरं हेडरच्या फ्लँजवरून फिरवत ते तिसऱ्या पाइपाखाली थांबले आणि नळी माझ्या कानाला लावली. महाशय, इतक्या जवळून आपल्याला ऐकताना काय वाटलं म्हणून सांगू? टिकटिक नव्हतीच ती. फुस्, फुस्, फुस्. इंजिनात काही आपटत नव्हतं. जळलेला वायू आपल्या बगलेतून गुपचूप निसटत होता.

खात्री म्हणून इंजिन बंद करून मागच्या सायलेन्सरमधून ब्लोअरने हवा सोडली, आणि फ्लँजवर साबणाचं पाणी शिंपडलं. आपल्या शेजारी बुडबुडे आले. आरसा खाली धरला तर गॅस्केटच्या कडेला काळी, सुकलेली काजळीची रेघ दिसली, अगदी आपल्याकडे बोट दाखवणारी. मिस्त्रींनी पाना लावला. जोर लावायच्या आधीच आपण फिरलात.

आपला इतिहास मग उलगडला. एक्झॉस्टच्या जागी हवे असतात तांब्याचा मुलामा दिलेले, तोंड चिमटलेले लॉकनट. तापून निवून, निवून तापूनही ते सैल पडत नाहीत. हेडर चढवणाऱ्या कारागिराने मात्र डब्यातला हाताला लागला तो नट घेतला, खाली स्प्रिंग वॉशर घातला आणि आवळून मोकळा झाला. तापमान शेकड्यांत गेलं की स्प्रिंग वॉशरची स्प्रिंग मरते, उरते नुसती चकती. त्यात हेडरची फ्लँज पातळ, वेल्डिंगच्या तापाने वाकलेली. इंजिन गार असताना फट उघडायची, तापलं की धातू फुगून ती मिटायची. म्हणून गॅरेजच्या दारात आपलं मौनव्रत.

एवढे सगळे तज्ज्ञ इंजिनाच्या पोटात शिरायला निघाले होते, पण या गाडीत शेवटचा पाना कुठे फिरला होता, हे एकानेही विचारलं नाही. पंचवीसेक वर्षं कंपनीने बसवलेलं सगळं मुकाट चाललं होतं. बोंब ठोकली ती हौसेने बसवलेल्या भागाने, आणि उलटतपासणी झाली टॅपेटची. टेन्शनर तर बिचारा काही गुन्हा नसताना भंगारात गेला.

आता आपल्या जागी योग्य जातीचे लॉकनट आले आहेत. फ्लँज वर्कशॉपमध्ये सपाट करून घेतली, गॅस्केट नवं घातलं, आणि पहिल्यांदा गाडी तापून पूर्ण गार झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा आवळले. हा सगळा खर्च "बिग एंड"च्या अंदाजातल्या नुसत्या मजुरीहूनही कमी आला.

मॉडिफाय केलेली जुनी गाडी घेणाऱ्यांना एक विनंती. सौदा पक्का करताना टायर आणि रंग बघालच, पण आधीच्या मालकाने काढून ठेवलेले मूळ भागही नट-बोल्टच्या पुडीसकट मागून घ्या, आणि ते बदलले कुणी, हेही विचारून ठेवा. आमच्या गाडीचा मूळ मॅनिफोल्ड भंगारवाल्याकडे गेला, आणि तो परत बसवायची माझी कितीही इच्छा असली तरी दुसरा अजून मिळालेला नाही.

आपला,
सोसायटीच्या दोन नोटिसांचा धनी