आवाजाचे मालक

हिंगोली जिल्ह्यात स्वतःची पिकअप असलेल्या माणसाला नाव उरत नाही. गाडी घेतली त्या दिवसापासून लहानथोर सगळे त्याला ‘मालक’ म्हणतात. गाडी बँकेची, टायर उधारीचे, डिझेल भाड्याच्या उचलीतलं. तरी मालक तोच. जिच्यावर बँकेचा बोजा नाही आणि भावकीचा हिस्सा नाही अशी एकच चीज त्याच्याकडे असते, ती म्हणजे स्टेअरिंगमधून येणारा आवाज.

मालक ओळखायला अवघड नाहीत. वसमतच्या मोंढ्यात, जवळा बाजारला, आखाडा बाळापूरच्या चौकात, कुठेही एमएच ३८ ची पिकअप उभी आहे, पुढच्या चाकाशी एक जण उकिडवा बसलाय आणि आत बसलेल्याला ओरडून सांगतोय, “काट... आणिक काट... आता उलटी काट!” तर ते उकिडवे बसलेले मालक. स्टेअरिंगवरचा माणूस बदलत राहतो. कधी हमाल, कधी चहावाल्याचा पोऱ्या, एखाद्या दिवशी हळदीचा भाव विचारायला आलेला शेतकरी. मालकांची जागा मात्र बदलत नाही. डोळे मिटलेले, मान तिरकी, एक हात टायरवर.

“कसा आवाज येतो?” असं मालकांना विचारू नये. ते करून दाखवतात. शाळेत ज्यांनी कधी कविता म्हणून दाखवली नाही, ते मालक भर बाजारात अख्खी पुढची बाजू तोंडाने वाजवून दाखवतात. “घूंऽऽऽ आला की तेल कमी, पंप हवा ओढायलाय. सकाळी गाडी मारली अन् चींऽऽ झालं की बेल्ट ढिला. खड्ड्यात खट्ट वाजलं तर टायरॉड एंड, नाहीतर बॉल जॉइंट. पायापाशी दांड्यात टक्-टक् लागलं की क्रॉस गेला. कर्रर्र आलं की बुश सुकले.” एवढं सगळं बिनचूक सांगून झालं की मालक आवाज खाली आणतात, “पण आपला आवाज यातला नाई बगा. आपला निराळाच हाय.”

हा निराळा आवाज ऐकायला मालकांना साक्षीदार लागतात. गाडीत तुम्ही बसलात की तुम्हीही साक्षीदार. कळमनुरीपर्यंत फुकट नेतो म्हणतात, पण वाटेत गप्पा मारू देत नाहीत. मध्येच हात वर करतात. “आला! ऐकला का?” नाही म्हणालात तर गाडी वळवून पुन्हा त्याच खड्ड्यातून नेतात. हो म्हणालात तर विचारतात, “कोन्या बाजूनं?” सरावलेले प्रवासी आधीच सांगून टाकतात, “डाव्या बाजूनं, मालक,” आणि डुलकी काढतात.

गॅरेजमध्ये मात्र गाडी मालकांचा कायम घात करते. मिस्त्री गल्लीतून चक्कर मारून येतो, दोन्हीकडे काटून बघतो, गाडी मुकी. “गॅरेज दिसलं की गप बसतीय. लई बेरकी हाय,” मालक म्हणतात. मग पुरावा म्हणून मोबाइल काढतात. त्या रेकॉर्डिंगमध्ये वारा ऐकू येतो, टेपवरचं गाणं ऐकू येतं, पाठीमागची शेळी ऐकू येते आणि सगळ्यांवर कडी करून खुद्द मालकांचं “आला! आला! ऐका!” ऐकू येतं. बरोबर त्याच क्षणी आवाज आलेला असतो, असं मालकांचं म्हणणं.

मिस्त्री कुठलाही असो, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं : “याला आधी कोणी हात घातला?” मग आधीच्या मिस्त्रीचा उद्धार होतो आणि एक पार्ट बदलला जातो. टायरॉड एंड बदलले, बॉल जॉइंट बदलले, अलाइनमेंट झाली, नांदेडहून ‘ओरिजिनल’ पंप आणवला. चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी कयाधूच्या पुलावर मालक हात वर करतात. काढलेले जुने पार्ट ते टाकून देत नाहीत. सीटमागे एका कट्ट्यात भरून ठेवतात आणि कुणी सल्ला द्यायला आला की कट्टा त्याच्यापुढे ओततात. “हे समदं करून झालंय. आता बोला!”

तरीही लोक बोलतात. एक म्हणतो, लाल तेल टाका. दुसरा म्हणतो, लालनंच तर घोटाळा होतो, इंजिनचं टाका. तिसरा घरूनच बाटली घेऊन येतो. मालकांना कुणाचंही मन मोडवत नाही, त्यामुळे तेलाच्या डबीत तिघांचे सल्ले एकत्र नांदतात आणि वर फेस येतो. मालकीणबाईंनी लिंबू-मिरची बदलली. आईच्या सांगण्यावरून औंढ्याला नागनाथापुढे नारळ फुटला. देवाने काय निदान केलं कळलं नाही, पण त्याने आधीच्या मिस्त्रीला नावं ठेवली नाहीत, एवढं खरं.

आता आवाज केव्हा येतो ते पाहा. अकोल्याहून हिंगोलीवरून नांदेडला जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या महामार्गावर रिकामी गाडी सुसाट आणि गप्प. गावाकडच्या रस्त्याला वळली, माल भरला, की सुरू. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. मान हळदीला मिळाला, वजन मालकांच्या वाट्याला आलं. गाडीचं पासिंग सतरा क्विंटलचं. मालक भरतात तीस. वर ताडपत्री आवळतात, तिच्यावर हमाल बसवतात. मग मोंढ्यातल्या अरुंद गल्लीत ती लदलेली गाडी जागच्या जागी उभी ठेवून, एका हाताने मोबाइल कानाला धरून, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकाला नेतात. टोकाला चाकं अडली तरी बोट सोडत नाहीत. तेव्हा पंपातल्या तेलाचा दाब कळसाला जातो, जादा दाबाचा व्हॉल्व्ह उघडतो, तेल तापतं आणि बोनेटखालून घूंऽऽऽ येतो.

तेलाच्या दाबावर वळणारं स्टेअरिंग फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकी इंजिनिअरने १९२० च्या दशकात तयार केलं आणि १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने ते विकायच्या मोटारींत बसवलं. आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांना आणि ट्रकांना हे सुख नव्हतं. भरलेली गाडी उभ्या जागी वळवायची तर ड्रायव्हरला दोन्ही पाय रोवून, दात-ओठ खाऊन कण्हावं लागे. म्हणून तो आधी गाडी हातभर पुढे सरकवी आणि मग काटी. त्याला हे कुठल्या पुस्तकाने नाही, त्याच्या खांद्यांनी शिकवलं होतं. पुढे पॉवर स्टेअरिंग आलं, खांदे मोकळे झाले आणि कण्हायचं काम पंपाकडे गेलं. कण्हणं काही संपलं नाही. त्याची नुसती बदली झाली. मालक मात्र विचारत फिरतात, हे कोण कण्हतंय?

मालकांचे वडील बैलगाडी जुंपायच्या आधी आसाला वंगण घालत. गाडीखाली वंगणाचं नळकांडं कायम लटकलेलं असे. मालकांच्या गाडीत बोनेट उघडलं की तेलाची डबी समोरच दिसते, पण तिच्याकडे ते आवाज आल्यावरच बघतात. जॉइंटवरचं रबर फाटलंय, आत काळी माती गेलीय, ग्रीस कधीच वाळलंय. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने एकदा हे सगळं स्वच्छ सांगितलं. “मालक, माल कमी भरा. उभ्या गाडीत काटू नका. तेलाकडं अन् रबराकडं बघत जा.” मालकांनी मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, “ते बरूबर हाय. पण आवाज कशाचा हाय?”

त्यांना कळत नाही असं नाही. सतराच्या भाड्यात डिझेल आणि हमाली निघते. हप्ता वरच्या तेरा क्विंटलांत असतो. त्यामुळे माल सोडून बाकी सगळ्यावर संशय घ्यायला मालक मोकळे असतात. पार्ट बदलता येतो, मिस्त्री बदलता येतो. बँक बदलता येत नाही.

शेवटी मालक गाडी विकायला काढतात. सेनगावकडचा एक पाहुणा बघायला येतो. गाडीभोवती फिरतो, टायरला लाथ घालून बघतो आणि विचारतो, “आवाज-बिवाज?”

“आवाज?” मालक असे चकित होतात, जणू हा शब्द आयुष्यात पहिल्यांदाच कानावर पडतोय. “मला तर कदी ऐकू आला नाई. अन् आला तरी कंपनीचाच ऱ्हातो.”

पाहुणा आत बसतो, गाडी मारतो आणि उभ्या गाडीत, एका बोटाने, स्टेअरिंग पार टोकाला नेऊन धरून ठेवतो.

“ओ पाव्हणं!” मालक हातातला चहा टाकून धावतात. “उभ्या गाडीत काटू नका! पंप जातो ना!”