शेरा: हात गरम असल्यास जपून

फाउंटन पेनवेड्या लोकांचा एक तक्ता असतो. गूगल शीटवरचा. देशभरातली हौशी मंडळी रात्री जेवणं आटोपली की त्यात भर घालत बसतात. कारागीर कुठला, पेन कशाचं, शाई कशी भरायची, निब कोणती, किंमत काय, किती आठवडे वाट पाहायची, असे रकाने. आणि अगदी उजवीकडे, माउस सरकवत सरकवत गेल्यावर, शेरा. ही पेनं बनवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना दुकान नसतं. घराच्या मागच्या खोलीत लेथ, आणि वेबसाइट असलीच तर भाच्यानं केलेली. भाचा बंगळुरूला नोकरीला लागला तेव्हापासून ती जिथल्या तिथे. मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयनं, पेन स्पीड पोस्टानं. मधल्या काळात ग्राहकाच्या जिवाला आधार म्हणून हा तक्ता.

मी त्याच्या नादी लागलो तो शेऱ्यांमुळे. ‘दुपारी १ ते ४ फोन करू नये, झोपतात.’ ‘रंग फोटोपेक्षा काळा. विचारल्यास फोटो चुकला म्हणतात.’ ‘निब उत्तम. टोपण फिरवताना देवाचं नाव घ्यावं.’ इतकं खरं गद्य मी अलीकडे दिवाळी अंकांतही वाचलेलं नाही. (माझे लेख त्याच अंकांत असतात, म्हणून खात्रीनं सांगतो.)

शिवाय तक्ता वाचता वाचता माणूस फुकटात विद्वान होतो. एका ओळीतून राजमहेंद्रीला पोचलो: गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून तिथे रत्नम यांनी १९३० च्या दशकात देशी पेन घडवलं. दुसरीतून कोलकात्याला: १९३४ ची सुलेखा शाई, मधे बरीच वर्षं बंद पडून २०२० नंतर पुन्हा बाटलीत आलेली. मग अभिमानानं आपल्या दांडेकरांकडे वळलो. कॅम्लिनची सुरुवात १९३१ ला शाईपासून, तीही घोडा छाप. उंट नंतर आला. हे सगळं मी घरात जेवताना सांगत असे. एबोनाइट म्हणजे रबरात गंधक घालून तापवून कडक केलेला पदार्थ, त्याचं पेटंट नेल्सन गुडइयरनं १८५१ मध्ये घेतलं, इथपर्यंत आलो तेव्हा मुलगा ताट उचलून टीव्हीसमोर गेला. बायकोनं मात्र शांतपणे विचारलं, “अहो, पण तुम्ही लिहिता कुठे?”

प्रश्न रास्त होता. मी सगळं लॅपटॉपवर टंकतो. हातानं लिहायचं म्हणजे चेकवरची सही आणि सोसायटीच्या नोटिशीखालचं ‘वाचले’. पण इतिहास एवढा पाठ झाल्यावर पेन न घेणं हा त्या कारागिरांचा अपमान झाला असता.

स्वस्तातलं आधी दिसावं म्हणून मी किमतीचा रकाना निवडला आणि क्रम लावला. गूगल शीटमध्ये ‘सॉर्ट शीट’ असतं आणि ‘सॉर्ट रेंज’ असतं. पहिल्यात अख्ख्या ओळी एकमेकींचा हात धरून हलतात. दुसऱ्यात फक्त तेवढाच रकाना सरकतो आणि बाकीचे आपल्या जागी ढिम्म उभे राहतात. मी दुसरं दाबलं. किमती वरपासून खालपर्यंत शिस्तीत लागल्या. त्या कोणाच्या, हे मात्र आता त्यांनाही माहीत नव्हतं. आणि तिसऱ्याच ओळीत मला दिसलं: हातानं घडवलेलं, तपकिरी-काळ्या लहरींचं एबोनाइट, जर्मन निब, ६५० रुपये. शेऱ्यात एवढंच: ‘हात गरम असल्यास जपून.’ मी ताबडतोब मागणी नोंदवली.

कारागिराचा फोन आला. त्याचं हिंदी यथातथा, माझं त्याहून. पण ‘छह हजार दो सौ’ हे शब्द दोघांनाही नीट कळले. खरं तर तिथेच फोन ठेवायचा. पण माणूस इतक्या मायेनं बोलत होता, आणि मी त्याला एबोनाइटच्या पेटंटबद्दल आधीच इतकं ऐकवून बसलो होतो, की आता महाग वाटतं म्हणण्याचं तोंड उरलं नव्हतं. पैसे पाठवले.

त्याच रात्री तक्त्याचे राखणदार जागे झाले. हे नागपूरचे निवृत्त लेखापरीक्षक, ग्रुपवर सगळे त्यांना काका म्हणतात. “काय करून ठेवलं बाप्पा!” एवढाच पहिला निरोप. तोवर एकानं दीड हजाराच्या बाटलीभर शाईबद्दल कोलकात्याला जाब विचारला होता आणि दुसऱ्यानं चांदीची निब साडेतीनशेला मिळते या आनंदात मेव्हण्यासाठीही सांगून ठेवली होती. काकांनी व्हर्जन हिस्टरी उघडून तक्ता पूर्ववत केला. व्हर्जन हिस्टरीत कोणी, किती वाजता, कुठल्या घरात बोट घातलं हे रंगासकट दिसतं. माझा रंग गुलाबी होता. ऑडिटर निवृत्त झाला तरी ऑडिट निवृत्त होत नाही.

इकडे कारागिरानं हस्ताक्षराचा नमुना मागितला. कुठल्याही लिपीत दहा ओळी, आणि पेन धरलेल्या हाताचा फोटो. हे लोक निब नुसती बसवत नाहीत. ज्या कोनात तुमचा हात टेकतो त्या कोनात ती घासून देतात. ही खरी चैन. दुकानातल्या पेनाला आपण कोण याचं सोयरसुतक नसतं.

मी दहा ओळी लिहिल्या आणि पाहत बसलो. एवढ्या मोठ्या कलावंताला हे पाठवायचं? बायको शाळेत मराठी शिकवते. तिचं अक्षर कित्त्यातून उतरल्यासारखं. तिच्याकडून दहा ओळी लिहून घेतल्या. फोटोही तिच्याच हाताचा पाठवला, नाहीतर दोहोंचा मेळ बसला नसता. फोटोत बांगड्या आल्या आहेत हे पाठवल्यावर लक्षात आलं.

बऱ्याच आठवड्यांनी पेन आलं. खोक्यात चिठ्ठी: ‘फॉर मॅडम’. पेन देखणं. निबेवर ‘इरिडियम पॉइंट’ कोरलेलं. हल्ली त्या टोकात इरिडियम क्वचितच असतं हे मला तक्त्यामुळे ठाऊक होतं, पण ऐकायला घरात कोणी थांबलं नाही. मी लिहायला बसलो तर पेन कागदावर खरडतं आहे, मधेच मुकं होतं आहे. बायकोनं सहज हातात घेतलं आणि ते लोण्यातून फिरावं तसं फिरलं. “छान आहे हो,” म्हणाली, आणि नववी ‘ब’च्या वह्या तपासायला घेऊन गेली.

मला ते फक्त रविवारी मिळू लागलं. अशाच एका मे महिन्यातल्या रविवारी तिच्या भाचीचा साखरपुडा होता. हे पेन आयड्रॉपर जातीचं, म्हणजे शाई थेट पेनाच्या पोटात ओतायची. छोट्या कार्ट्रिजमध्ये पाऊण मिलिलिटर मावते, इथे तीनेक. शाई निम्म्याखाली गेली की वर हवा साठते. ती तापली की फुगते आणि खालच्या शाईला बाहेरची वाट दाखवते. एबोनाइट ऊब चटकन आत जाऊ देत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत तासभर ठेवल्यावर गुण तरी किती टिकणार? कार्यालयात अहेराच्या पाकिटावर नाव घालायला टोपण काढलं आणि नावाच्या जागी एक निळं तळं तयार झालं. पाकिटातले पाचशे एक रुपये कोणाचे हे त्या घरात अजून ठरलेलं नाही. जेवताना माझं बोट पाहून मावससासऱ्यांनी गंभीरपणे विचारलं, “आज कुठली निवडणूक होती?”

आता स्वतःसाठी निब हवी, म्हणून मी कारागिराला पुन्हा फोन केला. या खेपेला माझ्याच हातच्या दहा ओळी पाठवल्या. बराच वेळ काही उत्तर नाही. मग त्यानं विचारलं, “सर, आप डॉक्टर हैं क्या?” मी नाही म्हणणारच होतो, पण डॉक्टर लोकांना दहा टक्के कमी लावतो हे तो त्याच दमात सांगून मोकळा झाला. मी खाकरलो. त्यानं ती संमती धरली, बिल कमी केलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, की लेथपाशी उभं राहून राहून त्याचा उजवा गुडघा संध्याकाळी फार ठणकतो, काय घेऊ?

मी फोनवर हात ठेवून बायकोला विचारलं आणि गरम पाण्याचा शेक सांगितला.