तिकिटावर उत्खनन

प्रेक्षक चित्रपट पाहतो आणि पार्किंगमध्ये पोहोचेपर्यंत विसरतो, अशी तक्रार आता कोणी करू नये. १४ फेब्रुवारी २०२५ला ‘छावा’ प्रदर्शित झाला, त्यात बुऱ्हाणपूरचा खजिना दिसला आणि मार्चमध्ये त्याच बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात माणसे रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन मुघलांच्या मोहरांसाठी शेते खणू लागली. एवढ्या खोलात शिरलेला समीक्षक ऐकिवात नाही. पुरातत्त्व खात्याला परवानग्या, ब्रश, चाळण्या असा सगळा लवाजमा लागतो. इथे एका तिकिटात भागले, वर शेताची मशागतही झाली. तेव्हा उत्खननाचे परवाने यापुढे मल्टिप्लेक्सच्या खिडकीवरच मिळावेत, मोठ्या पॉपकॉर्नवर कुदळ मोफत. कोणी म्हणेल, पडद्यावर आधीच खुलाशाची पाटी येते. येते ना, पण तेव्हा रसिक अंधारात आपली खुर्ची चाचपडत असतो. दुसरा आक्षेप जरा अवघड आहे. १६८१ मध्ये मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटले आणि खजिना उचलून नेला, हे याच चित्रपटात दाखवले आहे. पण तो प्रसंग अगदी सुरुवातीचा. खुर्ची तोवर सापडली नसावी.