वीतभर उंचीचा त्याग

घोडबंदर रोडचे खड्डे आणि कल्याण-शीळ रस्त्याची अखंड कामे पाहून ठाणे-डोंबिवलीचा सुज्ञ गृहस्थ मोठी एसयूव्ही घेतो. फॉर्च्युनरसारख्या गाडीचे पोट जमिनीपासून वीतभर उंच असते. ही उंची हप्त्यांनी विकत घ्यायची आणि मग रोख मोजून दोन इंच उतरवायची, याला वैराग्य म्हणतात.

या साधनेत घाई चालत नाही. नुसत्या आखूड स्प्रिंगा घातल्या की मूळ शॉकअब्सॉर्बरशी त्यांचे जुळत नाही, गाडी बम्पस्टॉपवर आपटते. म्हणून शॉकही आखूड घ्यावे लागतात. मग चाकांचा कल, म्हणजे कॅम्बर, हलतो आणि अलाइनमेंट पुन्हा करावी लागते. एवढी पत्रिका तर लग्नातही कोणी बघत नाही! काही साधक ग्राइंडरने मूळ स्प्रिंगच कापतात; त्यांची श्रद्धा मोठी.

आता महापालिकांनीही मागे राहू नये. गाडी उतरली, तसे गतिरोधकही उतरवावेत. इंडियन रोड्स काँग्रेसने नेमून दिलेली १० सेंटीमीटर उंची गल्लीतल्या गतिरोधकांनी नाहीतरी कधी मनावर घेतलेली नाही.

कायद्याने तर पावतीचीही सोय केली आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. स्प्रिंगा आणि शॉक मिळून फेरफार एक की दोन, एवढेच मालकाने आधी विचारून घ्यावे.