कंटाळवाण्या व्याख्यानाची देणगी

लांबलेल्या भाषणात माणसं काय करतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. काही जण डोळे उघडे ठेवून झोपतात, काही जण समोरच्या कागदावर गणपती काढतात. मी गणपतीवाला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हजारभर तरी काढले असतील. एकही चौकटीत लावण्याजोगा नाही.

१९७४ साली अहमदाबादच्या एका परिषदेत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरही असेच कंटाळले. त्यांनी समोरच्या कागदावर विज्ञानकथा लिहायला घेतली. त्या रटाळ वक्त्याचे मराठीवर केवढे उपकार! ती कथा म्हणजे ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती पाठवायची, तर आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली आणि नारायण विनायक जगताप झाले. अक्षरही ओळखू येईल, म्हणून पत्नी मंगलाताईंकडून नक्कल करून घेतली. लोक नाव पुढे करून बक्षीस मिळवतात. यांनी नाव लपवलं आणि पहिलं बक्षीस घेतलं.

तसा कथा लिहिण्याचा हा छंद घराण्यातलाच. गुरू फ्रेड हॉईल यांनी १९५७ मध्येच ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी लिहिली होती. गंडा बांधताना खगोलशास्त्राबरोबर ही चीजही शिष्याला मिळाली असावी.

परदेशात विज्ञानकथेचे चाहते वर्ल्डकॉन भरवतात, परग्रहवासीयांचे वेष करून हिंडतात. आपल्याकडे साहित्य संमेलन असतं. वेष झब्बा आणि शबनम, उत्साह तोच. शिवाय जेवणाची रांग आणि मानापमान. १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी भाषणात नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. २०२१ मध्ये नाशिकला तर ते स्वतःच अध्यक्ष झाले, पण तब्येतीमुळे जाऊ शकले नाहीत. मांडवात कितीजण त्यांच्या सहीसाठी वही-पेन घेऊन आले असतील, कोण जाणे.

नारळीकर आले असते तरी सही मिळाली नसतीच म्हणा. मुलांनी वही पुढे केली की ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर येईल आणि त्याखाली सहीही. लहानपणी हे कळल्यावर मी धावत जाऊन कार्ड आणलं होतं. दोन दिवस प्रश्न काही सुचेना.

तिसऱ्या दिवशी त्या कार्डावर मी गणपती काढला.